लिथ फिल्मवर करडी छटा येत नाही, मग ठिपके लहानमोठे कसे होतात?

प्रश्न

प्रोसेस कॅमेऱ्यात (छपाईसाठी चित्रांच्या फिल्म बनवणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात) हाफटोनसाठी, म्हणजे छटा लहानमोठ्या ठिपक्यांनी दाखवण्यासाठी, पूर्वी वापरल्या जाणाऱ्या लिथ फिल्मवर काळे किंवा पारदर्शक एवढेच उमटते, हे मला समजते. फिल्मपुढे ठेवायच्या बारीक जाळीची, म्हणजे स्क्रीनची, रचनाही सर्वत्र सारखीच असते. असे असताना चित्राच्या उजळ आणि गडद भागांत ठिपक्यांचे आकार वेगळे कसे येतात?

उत्तर १

कॉन्टॅक्ट स्क्रीनवरचा (फिल्मला चिकटवून ठेवायच्या स्क्रीनवरचा) प्रत्येक ठिपका कडेला विरत गेलेला असतो, आणि सगळी किमया त्या विरण्यातच आहे. समजा, ठिपक्याच्या मध्यातून निम्मा प्रकाश जातो, कडेला जेमतेम विसावा हिस्सा, आणि फिल्म काळी पडायला 10 एकके प्रकाश लागतो. मूळ चित्राच्या पांढऱ्या भागातून 100 एकके आली, तर स्क्रीन जिथे दहावा हिस्सा सोडते तिथपर्यंत, म्हणजे जवळजवळ कडेपर्यंत काळा ठिपका पसरतो. करड्या भागातून 40 आली, तर तो चौथा हिस्सा सोडणाऱ्या रेषेवरच थांबतो. हे निगेटिव्हवरचे झाले. छपाईत याच्या उलट, उजळ भागात शाईचे ठिपके बारीक येतात.

प्रश्नकर्ता

या हिशेबाने 15 एककांच्या गडद भागात मध्यावरही साडेसातच पोहोचतात. तिथे ठिपका येणारच नाही का?

उत्तर १

नाही येणार, आणि छपाईत तो भाग सपाट काळा होईल. म्हणूनच मूळ चित्राविना, फक्त स्क्रीनमधून, एक दुबळे फ्लॅश एक्स्पोजर, म्हणजे थोडा जादा प्रकाश, देत. ते 8 एककांचे धरले, तर मध्यावर 4 वाढून साडेअकरा होतात आणि बारीक ठिपका उमटतो. कडेला मात्र 0.4 एककाचीच भर पडते, त्यामुळे उजळ भागाला फारसा धक्का लागत नाही.

उत्तर २

त्याआधीच्या काचेच्या स्क्रीनवर, म्हणजे रेषा कोरलेल्या दोन काचा काटकोनात चिकटवून केलेल्या स्क्रीनवर, असे विरणे नव्हते; रेषा ठाशीव होत्या. ती स्क्रीन फिल्मपासून किंचित दूर ठेवत, म्हणजे लेन्सच्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशामुळे सावलीच्या कडा आपोआप मऊ होत. अंतर चुकले की ठिपकेही बिघडत. कॉन्टॅक्ट स्क्रीन मात्र निर्वाताने फिल्मला घट्ट चिकटवावी लागे.

उत्तर ३

लिथ फिल्मच का, हेही सांगायला हवे. साध्या फिल्मवर ठिपक्याभोवती करडी झालर राहते. या फिल्ममधून छपाईची प्लेट बनवताना तिला प्रकाश थोडा जास्त मिळाला की झालरीतूनही तो आरपार जातो आणि ठिपक्याचे माप बदलते. लिथ डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणाऱ्या द्रावणात, मुक्त सल्फाइट अगदी कमी असल्याने त्यातल्या हायड्रोक्विनोन या रसायनाच्या अभिक्रियेतून निघालेले पदार्थ शेजारच्या कणांचे डेव्हलपिंग भराभर वाढवतात आणि कड ठाशीव येते. भिंगातून पाहिल्यास हा फरक लगेच कळतो.