‘मूव्ह फॉरवर्ड’ म्हणजे तारीख अलीकडे की पलीकडे?

शिरोली_डिस्पॅच यांचा प्रश्न:

शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी निर्यातीचा पत्रव्यवहार पाहतो. इंग्लंडमधील ग्राहकाचा निरीक्षक येत्या बुधवारी कास्टिंगच्या तपासणीसाठी येणार होता. आज त्यांचा मेल आला असून त्यात ‘बुधवारची तपासणी दोन दिवस मूव्ह फॉरवर्ड केली आहे’ एवढेच म्हटले आहे. वार नाही, तारीख नाही. आमच्या कार्यालयात लगेच दोन तट पडले. निम्मा लॉट अजून फेटलिंगलाच (ओतलेल्या मालाचे जादा धातू काढून साफसफाई) आहे. सोमवार धरला तर आजपासूनच रात्रपाळी लावावी लागेल, आणि शुक्रवार धरून निवांत राहिलो व पाहुणे सोमवारी दारात उभे राहिले, तर त्यांना दाखवायला तयार माल नसेल. ग्राहकाला विचारून खात्री करणारच आहे. पण ‘फॉरवर्ड’ म्हणजे ‘पुढे’ असेल, तर ‘तपासणी पुढे ढकलली’ असा सरळ अर्थ का घेऊ नये, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

राजारामपुरी_इंग्रजी यांचे उत्तर:

ब्रिटिश माणसाने लिहिले आहे म्हटल्यावर सोमवारची शक्यता अधिक आहे, आणि तयारी सोमवारचीच ठेवावी. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ असे लिहिले असते तर शंकेला जागाच नव्हती, कारण बैठकीच्या किंवा भेटीच्या संदर्भात त्याचा अर्थ ठरलेल्या वेळेच्या अलीकडे आणणे असाच होतो. ‘मूव्ह फॉरवर्ड’ मात्र इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही कोड्यात टाकते, तेव्हा आपल्या सहकाऱ्यांचे दोन तट पडले यात त्यांचे इंग्रजी कच्चे आहे असे मुळीच समजू नये.

मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच वाक्य अभ्यासाला घेतले आहे. मॅकग्लोन आणि हार्डिंग यांनी 1998 मध्ये, तर बोरोडित्स्की आणि रॅमस्कर यांनी 2002 मध्ये, बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ नेली तर ती कोणत्या वारी होईल, असा प्रश्न इंग्रजी भाषकांना विचारला होता. एरवी साधारण निम्मे लोक सोमवार म्हणतात आणि निम्मे शुक्रवार. 2002 च्या अभ्यासात विमानतळावरच्या लोकांनाही हे विचारले, तेव्हा नुकतेच विमानातून उतरलेल्यांनी ‘शुक्रवार’ हे उत्तर कोणाला तरी घ्यायला आलेल्यांपेक्षा अधिक वेळा दिले.

याचे कारण मला फार मोलाचे वाटते. अनंत चतुर्दशीला आपण महाद्वार रोडवर एका जागी उभे असलो, तर समोरून येणारे मंडळ जितके ‘पुढे’ सरकते तितके ते आपल्या जवळ येते. तेच आपण बिंदू चौकातून देवळाकडे चालत निघालो, तर ‘पुढे’ म्हणजे आणखी लांब. काळ आपल्याकडे येतो आहे असे मनात असले, तर ‘फॉरवर्ड’ गेलेली बैठक जवळ येते, म्हणजे सोमवारी होते. आपणच काळातून चाललो आहोत असे मनात असले, तर ती शुक्रवारवर जाते. दोन्ही अर्थ तितकेच तर्कशुद्ध आहेत.

हिशेबनीस_कोल्हापूर यांचे उत्तर:

मॅडमनी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ निःसंदिग्ध आहे असे लिहिले, ते तारखांच्या बाबतीत अगदी खरे आहे. खातेवहीत मात्र त्याची दिशा उलटी होते. पानाच्या तळाशी बेरीज करून आपण ‘कॅरिड फॉरवर्ड’ लिहितो आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तीच रक्कम ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणून घेतो. तिथे जुनी बाकी पुढच्या काळात आणलेली असते. शिरोलीकर, आपल्या कार्यालयात शुक्रवार म्हणणारी मंडळी लेखा विभागातली असतील, तर मला त्याचे अजिबात नवल वाटणार नाही.

शिवाय मराठीलाही ही दुहेरी दृष्टी अपरिचित नाही. ‘मागे एकदा सांगितले होते’ यात मागे म्हणजे भूतकाळ, पण ‘तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येतो’ यात मागाहून म्हणजे नंतर. ‘परवा’ हा दिवस गेलेला की येणारा, हे तर क्रियापदाशिवाय कळतच नाही. ‘पुढे ढकलणे’ तेवढे आपल्याकडे पक्के झाले आहे. पंचगंगेला पूर येऊन परीक्षा पुढे ढकलल्या की कोणी दिशा विचारत नाही. मराठीतल्या याच पक्केपणामुळे आपल्याला शुक्रवार आधी सुचतो, असे माझे मत आहे.

शिरोली_डिस्पॅच:

दोघांचेही मनापासून आभार. आमचे लेखापाल खरोखरच शुक्रवारच्या बाजूचे आहेत. ग्राहकाला लिहिताना ‘तपासणी प्रीपोन झाली आहे का’ असे विचारले तर चालेल का?

गोकुळ_शिरगाव_निर्यात यांचे उत्तर:

नको. ‘प्रीपोन’ आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात असला तरी तो भारतीय इंग्रजीचा शब्द म्हणून, आणि परदेशातील अनेकांना तो ठाऊक नसतो. ‘तपासणी सोमवारी आहे की शुक्रवारी’ असे वार लिहून विचारा आणि वारासोबत तारीख द्या. तारखेत महिना अक्षरांत लिहावा, कारण 05/03 हे इंग्लंडमध्ये 5 मार्च असते, तर अमेरिकेत 3 मे.

वेळ ठरवायची असेल तर ती कोणाच्या घड्याळाची, हेही लिहून घ्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधील घड्याळे एक तास ‘फॉरवर्ड’ होतात, आणि तेव्हा त्यांची घड्याळे पुढे गेली तरी आपली वेळ अलीकडे येते: त्यांच्या दुपारी 2 च्या ज्या कॉलला आपण हिवाळ्यात संध्याकाळी 7.30 ला बसतो, तोच कॉल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत 6.30 ला सुरू होतो.