मदत हवी आहे: मुलगा स्वतःच्या वस्तू सांभाळत नाही, दुसऱ्यांच्या मात्र जपतो

नमस्कार मंडळी,

मुलगा, वय वर्षे ९. हुशार आहे, बोलका आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तक्रार एकच, पण रोजची. स्वतःची एकही वस्तू त्याच्याकडे टिकत नाही. पेन्सिल, खोडरबर, पट्टी यांचा हिशेब मी सोडून दिलाय. पाण्याची बाटली, डब्याचं झाकण, स्वेटर, आणि गेल्या आठवड्यात एका पायातला मोजा. (शाळेत एकच मोजा कसा हरवतो हे मला अजून उलगडलेलं नाही. बूट दोन्ही पायांत होते.)

हरवल्याचं फारसं वाईटही वाटत नाही. "अगं, असेल कुठेतरी" म्हणतो आणि कपाटातून नवी पेन्सिल काढतो. पेन्सिलींचा खोकाच आणून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

आता मला पडलेलं कोडं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक हा मुलगा कधीच विसरत नाही. परत करायची तारीख जवळ आली की मलाच बजावतो. मित्राचा रंगांचा डबा आणला होता, तो प्रत्येक खडू ज्याच्या त्याच्या खाचेत बसवून परत दिला. म्हणजे लक्षात ठेवता येत नाही असं नाही. मग स्वतःच्याच वस्तूंच्या बाबतीत काय होतं?

ओरडून झालं, समजावून झालं, सगळ्यावर नावं चिकटवून झाली. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता लावला, तो भरेपर्यंत कारभार सुरळीत होता. तक्ता उतरवला आणि ये रे माझ्या मागल्या. रोज निघताना दारात आमचा ठरलेला संवाद:

"सगळं घेतलंस?"
"हो."

दप्तराकडे ढुंकूनही न बघता.

नवरा म्हणतो, मोठा झाला की येईल अक्कल. सासूबाई त्याच्यामागे फिरून सगळं उचलून ठेवतात. मला विचारायचंय ते असं: हरवलेली वस्तू लगेच आणून द्यावी का? नाही दिली तर कुठवर ताणावं? या वयात किती अपेक्षा रास्त? आणि हे लक्ष न लागण्याच्या त्रासाचं लक्षण तर नसेल ना? अनुभवींनी कृपया लिहा.

आजोबा_ऑनलाइन

यात एवढं कोडं काय? नवीन आणून देऊ नका. अडलं की आपोआप सांभाळेल. आमच्या पिढीला एक पेन्सिल बोटभर होईपर्यंत पुरवावी लागायची, कुणाला तक्ते लावावे लागले नाहीत.

धागाकर्ती

काका, करून पाहिलं. पेन्सिल दिली नाही तर तो शेजारच्या मुलाची घेतो. अडतं ते त्या शेजाऱ्याचं. बाईंकडून निरोप येतो तो मला. आणि थंडीत स्वेटर न देता कसं पाठवू?

खडूफळा

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हा विषय रोज डोळ्यांसमोर असतो. जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे सापडलेल्या वस्तूंची एक पेटी आहे. ती कायम भरलेली असते. सगळ्यांना बोलावून एकेक वस्तू वर धरून विचारलं तरी कुणी हात वर करत नाही. एकदा एक स्वेटर मी उंच धरला, समोर बसलेल्या मुलाने मान हलवून "माझा नाही" सांगितलं. कॉलर उलटली तर आत त्याचंच नाव. तो खोटं बोलत नव्हता, त्याने तो स्वेटर कधी नीट पाहिलेलाच नव्हता. निवडला दुसऱ्याने, नाव शिवलं दुसऱ्याने, सकाळी अंगात चढवला दुसऱ्याने. तो फक्त आत होता.

तुमच्या कोड्याचं उत्तर मला इथेच दिसतं. वाचनालयाचं पुस्तक त्याने स्वतः निवडलेलं असतं, ते एकच असतं, त्याला तारीख असते आणि जाब विचारणारं कुणीतरी असतं. पेन्सिलीला यातलं काहीच नाही. ती खोक्यातली एक, गेली तर दुसरी. तेव्हा आधी तो खोका दृष्टीआड करा. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांची आपली पहिली शाळा सुरू केली, तिथून रुजलेल्या पद्धतीत आजही वर्गात एकेक साधन बहुधा एकच ठेवतात, मुलाच्या हाताला येईल अशा उघड्या फळीवर, ठरलेल्या जागी. वापरणाऱ्याने ते जागेवर ठेवलं नाही तर पुढच्याला मिळत नाही, म्हणून प्रत्येकाची नजर असते. घरात सगळं असं करता येणार नाही, पण दोन पेन्सिली, एक खोडरबर आणि त्यांची एक जागा एवढं जमतं. नाव त्याला स्वतःला लिहू द्या. वेडंवाकडं असू दे. आपण छापून चिकटवलेली सुबक पट्टी मुलं वाचतसुद्धा नाहीत.

दुसरं, वस्तू वापरताना हरवत नाहीत. एका कामातून दुसऱ्यात जाताना हरवतात. घंटा झाली, मैदानाकडे धूम ठोकली, बाटली बाकाखाली. त्या क्षणी मुलाचं मन पुढच्या गोष्टीत पोचलेलं असतं, त्यामुळे "नीट सांभाळ हं" हे सकाळचं वाक्य तिथपर्यंत पोचतच नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या एका लेखात मांडलं होतं की नुसता निश्चय करण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच जोडून ठेवलं तर ते जास्त पार पडतं. मी वर्गात एवढंच शिकवते: उठलो की मागे वळून बाक बघायचा. वर, खाली, मागे. सुरुवातीला मुलं याची टिंगल करत नाचतात, नाचू द्यावं. अंगात मुरतं.

आणि दारातला तो संवाद बदला. "सगळं घेतलंस?" याचं उत्तर नेहमी "हो"च येणार, कारण तुम्हाला हवं ते उत्तर त्याला माहीत आहे. "आज कायकाय लागणार आहे?" असं विचारा आणि गप्प राहा. उत्तर द्यायला त्याला वेळापत्रक डोळ्यांपुढे आणावं लागेल. तो थांबला, अडला, तर अडू द्या. आपल्यालाच उशिराची घाई असते, म्हणून आपण यादी म्हणून टाकतो आणि लक्षात ठेवायचं काम पुन्हा आपल्या गळ्यात पडतं.

शांतरस

खडूफळा यांच्याशी सहमत. मी मुलांच्या समुपदेशनात काम करते, म्हणून शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं.

"वस्तू वारंवार हरवणे" हे लक्ष न लागण्याच्या लक्षणांपैकी एक आहे, हे खरं. पण एकच. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञ वापरतात ती अमेरिकी पुस्तिका) अशी ९ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये त्यांतली किमान ६, किमान ६ महिने, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात, त्यांची सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधी झालेली असावी लागते आणि त्यामुळे रोजच्या कामात खरोखर अडथळा यावा लागतो. सुरू केलेलं काम अर्धवट सोडणं, समोरून बोललेलं कानावर न पडणं, सूचना मध्येच निसटणं असं बरंच काही सोबत असेल तर बाईंशी बोला आणि तज्ज्ञांना दाखवा. नुसत्या बाटल्या हरवत असतील तर घाबरू नका. इथे लिहून कुणाचं निदान होत नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

अपेक्षेबद्दल: नियोजन करणं, ऐन वेळी आठवणं ही कामं मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असतात तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. याचा अर्थ तोवर वाट बघायची असा नाही (हे तुमच्या यजमानांसाठी). तोवर बाहेरून आधार द्यायचा आणि तो हळूहळू काढून घ्यायचा. दप्तर भरण्याचंच घ्या. सगळं काम एकदम त्याच्यावर टाकलं की ढेपाळतं. शेवटून सुरुवात करा. आधी सगळं तुम्ही भरा, वेळापत्रकाशी ताडून पाहणं आणि चेन लावणं त्याचं. ते अंगवळणी पडलं की वह्या-पुस्तकं काढून ठेवणं तुमचं, आत भरणं त्याचं. असं मागे मागे सरकत जायचं. प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा क्षण त्याच्या वाट्याला येतो, हा यातला फायदा.

रानवाटा

चांदण्यांच्या तक्त्याबद्दल कुणीच बोललं नाही. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग आठवा. चित्र काढायला आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं कमी चित्रं काढायला लागली. बक्षीस दिलं की आवड मरते. तक्ता मुळात लावायलाच नको होता.

शांतरस

रानवाटा, तो प्रयोग मुलांना आधीपासून आवडणाऱ्या गोष्टीचा होता. बाटली परत आणण्याची आवड कुणाला असते? जी आवड नव्हतीच ती मरणार कुठून? तक्त्याची अडचण वेगळी आहे. तो लावला कुणी, भरला कुणी, चांदणी द्यायची की नाही ते ठरवलं कुणी? सगळं आईने. तक्ता उतरला तेव्हा आठवण करून देणाराच गेला. मुलाने स्वतः खूण करायची साधी यादी दाराला लावली तर मला काही वावगं वाटत नाही.

आजोबा_ऑनलाइन

म्हणजे हरवलं तरी आणून द्यायचंच? मग शिकणार कधी?

खडूफळा

काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. लगेच आणि तितकंच छान आणून देऊ नये. स्वेटर हवाच, पण कपाटातला जुना, बाह्या आखूड झालेला चालतो. बाटली हरवली तर झाकण गळणारी जुनी बाटली घेऊन जावी. चष्मा, औषध, घराची किल्ली यांच्यावर प्रयोग नकोत. आणि नवं मिळण्याआधी शोधण्याचं काम त्याचं. शाळेतल्या पेटीत जाऊन बघायचं, बाईंना विचारायचं, कुठे शेवटचं पाहिलं ते आठवायचं. आईने फोन करायचा नाही. शोधाशोधीचा कंटाळा हीच पुरेशी किंमत असते, वर शिक्षेची किंवा टोमण्याची गरज नसते. शेजाऱ्याच्या पेन्सिलीचं म्हणाल तर ती परत करणंही त्याचंच काम. तिथे तो चोख आहे असं धागाकर्तीच म्हणतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ते जाब विचारणाऱ्याचं वाचून एकदम लख्ख झालं. शाळेतून लक्ष नसल्याची तक्रार कधी आलेली नाही, तरी बाईंना भेटून विचारते.

सध्या फक्त बाटलीपासून सुरुवात करतेय. नाव त्याने स्वतः लिहिलं, शेजारी एक डायनासोरही काढलाय, पाच पायांचा. खोका माळ्यावर गेला. दारात "आज काय लागणार?" विचारलं तर पहिल्या दिवशी "मला काय माहीत" असं उत्तर आलं. मी गप्प राहिले. मग वेळापत्रक बघायला आत गेला आणि बूट घातलेच नाहीत, ते सोडा.

एक प्रश्न मात्र उरतोच. सासूबाईंना कसं सांगू? त्या प्रेमानेच करतात, त्यांना नको म्हटलं की "मग मी बसून काय करू" म्हणतात. "उचलू नका" म्हणण्याऐवजी त्यांना यात दुसरं काही काम देता येईल का? कुणी असं जमवलं असेल तर लिहा.

खडूफळा

जाब विचारायचं काम त्यांनाच द्या की! शाळेतून आला की बाटली त्याने आजीच्या हातात नेऊन द्यायची. आली नाही तर आजी विचारणार, "माझी बाटली कुठाय?" आजीची आहे म्हटल्यावर तो आणेल.