मदत हवी आहे: ९ वर्षांच्या मुलाला पायोडर्मा गँग्रिनोसम (जंतूंमुळे नव्हे, तर दाहामुळे व्रण पडणारा त्वचारोग), जखम खरवडायची का?

मुलाचं वजन २६ किलो. नडगीवर पुळी आली, ती फुटून बघता बघता ४ सेंमीचा व्रण झाला. कडा जांभळट आणि खालून पोखरलेली, दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त. प्रतिजैविकांचा उपयोग नाही, कल्चरमध्ये जंतू नाहीत. बायॉप्सीत (तपासायला काढलेल्या त्वचेच्या तुकड्यात) न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी आहे. सर्जन म्हणतात मेलेला भाग काढून टाकू, त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात हात लावू नका. शिवाय जखम पायावर असताना पोटाच्या तपासण्या कशाला? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
निदान पक्कं असेल तर आजार पेटलेला असताना खरवडू नये. यात त्वचेला इजा झाली की तिथेच नवा व्रण उठतो (याला पॅथर्जी म्हणतात). म्हणूनच साफ केलेली जखम दोन-तीन दिवसांत आणखी मोठी दिसते, मग 'संसर्ग पसरला' समजून पुन्हा कापलं जातं. सलाइनची सुई टोचलेल्या जागाही रोज बघा.
मात्र 'पक्कं' या शब्दाला महत्त्व आहे. या आजाराची खूण पटवणारी एकही रक्ततपासणी नाही. बायॉप्सीचा तुकडा कडेचा आणि खोल घेतला होता का? बुरशी आणि क्षयाच्या जातीच्या जंतूंचं कल्चरही लावलं का? ते अहवाल यायला काही आठवडे लागतात. साधं कल्चर कोरं आलं म्हणजे संसर्ग नाही, असं होत नाही.
ड्रेसिंग न चिकटणारं हवं, वर सैल बँडेज. चिकटपट्टी त्वचेवर नको. काढण्याआधी सलाइनने नीट भिजवा आणि वेदनाशामक अर्धा-पाऊण तास आधी द्या.

प्रतिसाद २
पोटाचं विचारलंत म्हणून. मुलांमध्ये याच्या मागे सर्वांत जास्त वेळा आतड्याचा दाह निघतो: क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस. जुलाब नसले तरी तो असू शकतो. उंची-वजनाचा जुना तक्ता काढा. वाढ थबकली असेल, तोंड सारखं येत असेल, गुदद्वाराशी चिरा असतील तर ते नक्की सांगा. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातला दाह दाखवणारी), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. त्यात गडबड दिसली तर कोलोनोस्कोपी. आज सगळं नॉर्मल आलं तरी विषय मिटत नाही, कारण कधी कधी व्रण आधी येतो आणि आतडं नंतर बोलतं.
दुसरी शंका रक्ताच्या कर्करोगाची. रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला थेंब) स्टेरॉइड सुरू करण्याआधीच तज्ज्ञाने पाहिलेला बरा. स्टेरॉइडने ल्युकेमियाच्या पेशी तात्पुरत्या दबतात आणि निदान हुकतं.
लहानपणापासून सांधे सुजतात, पण सांध्यातल्या पाण्यात जंतू सापडत नाहीत, असं असेल तर पापा सिंड्रोमसाठी (सांधेदाह आणि असे व्रण एकत्र आणणारा आनुवंशिक आजार) पीएसटीपीआयपी१ जनुकाची तपासणी. नाळ उशिरा गळली होती, वारंवार संसर्ग होतात, तर प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष शोधावेत.

प्रश्नकर्ता
खूप आभार. स्टेरॉइड किती दिवस चालतं? लसींचं काय?

प्रतिसाद २
प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) साधारण १ ते २ मिग्रॅ प्रतिकिलो, म्हणजे याला रोज २६ ते ५२ मिग्रॅ. नेमका आकडा डॉक्टरच ठरवतील. आधी दुखणं आणि कडेची लाली उतरते, आकार नंतर. जखम भरायला काही आठवडे ते महिने लागतात, तेव्हा रोज मोजपट्टी लावून घाबरू नका. आठवड्यातून एकदा त्याच उजेडात फोटो पुरे. एक-दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर सायक्लोस्पोरिन किंवा इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा विचार होतो. क्रोन्स निघाला तर इन्फ्लिक्सिमॅब दोन्हींवर चालतं, पण त्याआधी क्षय आणि हिपॅटायटिस बी तपासावेच लागतात.
गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. महिनाभर चाललेल्या असतील तर शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, कॉर्टिसॉल, झोपलेलं असतं. ताप किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या मात्रेवर असताना एमएमआर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी नकोत. स्टेरॉइड थांबल्यावर किमान महिनाभर थांबतात, इन्फ्लिक्सिमॅबनंतर त्याहून जास्त. कांजिण्या झालेल्या कुणाशी संपर्क आला तर पुरळ उठायची वाट न बघता लगेच फोन करा.