अस्तराला किनार ठेवायची की कापायची?

दोरागुंडी, कोल्हापूर
भाचीच्या बाळासाठी पहिल्यांदाच मशीनवर चौकोन जोडून गोधडी करतेय. वरचा भाग झाला, अडलंय ते अस्तरावर. गोधडी ५४ बाय ६० इंच आणि महाद्वार रोडवरून आणलेल्या छापील सुती कापडाचा पन्हा ४४. म्हणजे मधे जोड आलाच. तो किनारीला किनार लावून सरळ मारू, की आधी किनार कापून टाकू?

इतकी सरळ, न उसवणारी कड, कात्री लावायची जिवावर येतं हो. आमच्या आजीनं वाकळेला लुगड्याचे काठ मुद्दाम चारी बाजूंनी घेतलेत, चाळीस वर्षांत धागा निघालेला नाही. व्हिडिओतल्या बायका मात्र बसल्या बसल्या पहिली किनार कापतात. का, तर एकीचं उत्तर, ‘नाहीतर बिघडतं.’ अहो, पण काय बिघडतं?

गेल्या दिवाळीत उशांचे अभ्रे किनारीसकट शिवले होते. एका धुण्यात शिवणीलगत चुण्या. मशीनवाल्याला दाखवलं, त्यानं टेन्शन ढिलं करून दीडशे रुपये घेतले. चुण्या आहेत तिथंच आहेत.

मागवाला, इचलकरंजी
ताई, मशीनची चूक नाही. किनारीत वीण दाट असते, धुतल्यावर ती आणि आतलं कापड सारखं आटत नाही. म्हणून चुण्या.

दुसरं, तुमची किनार कुठल्या मागाची ते बघा. धोट्याच्या मागावर धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडं जातो, तो धागा काठाला वळसा घालून परत फिरतो, त्यामुळं कड बंद असते. रेपिअर किंवा एअरजेट या बिनधोट्याच्या मागांवर धागा दरवेळी काठाशी कापला जातो आणि उभ्या धाग्यांचा पीळ देऊन धरून ठेवतात. कडेला बारीक झालर दिसली की समजायचं, धोटा नव्हता. आजीच्या लुगड्याशी तिची बरोबरी नाही. आणि किनारीत भोकांची रांग दिसली, तर ती प्रोसेसला, म्हणजे रंगाई-छपाईच्या कारखान्यात, कापड रुंदीत ताणून धरणाऱ्या पिनांची. शिवणीबाहेर पाव इंच कापड, म्हणजे माया, सोडून शिवलंत तर ती भोकं अस्तरावर उघडी दिसतील.

वाकळवाली काकू, गडहिंग्लज
आजीचं काही चुकलेलं नाही गं. लुगडं वर्षानुवर्षं धुतलेलं, आटायचं तेवढं आटून गेलेलं. शिवाय वाकळ झिजते ती आधी कडेला, तिथं काठ असला की टिकते. मी पण काठ कडेलाच घेते. एकदा हौसेनं इरकलीचा काठ मधोमध घातला. इतका दाट, की सुई शिरेना, अंगठ्याच्या टोकाचं सालटं निघालं. त्या वाकळेत अजून तेवढ्या पट्ट्यात टाके लांब लांब आहेत, बघितलं की माझं मलाच हसू येतं. नवं कापड रात्रभर पाण्यात टाकून वाळवल्याशिवाय बेतू नकोस मात्र.

रांगोळी७
कापा. पट्ट्या टाकू नका, टोमॅटोची रोपं बांधायला झकास.

दोरागुंडी, कोल्हापूर
उजेडात धरून बघितलं. झालर आहे आणि भोकंही आहेत! कापड भिजत घातलंय. मागवाले दादा, आधी कापू की आधी शिवू?

मागवाला, इचलकरंजी
आधी शिवा. दोन्ही किनारी जुळवून पाऊण इंच आत शिवण मारा, मग अर्धा इंच कापून टाका, पाव इंच माया उरते. किनार असेपर्यंत लांब शिवणीत कापड ताणत नाही. भोकं पाऊण इंचाच्याही आत असतील तर शिवण तेवढी आणखी आत घ्या.

दोरागुंडी, कोल्हापूर
झालं! कापड वाळायला दोन दिवस गेले, आमच्याकडं पावसानं ऊनच दाखवलं नाही. जोड हातानं चाचपला तरी कळत नाही. कापलेल्या पट्टीवर छपाईतल्या रंगांचे पाच गोल ठिपके निघाले. गुलाबी, पोपटी, पिवळा, राखी, आणि एक निळा जो अख्ख्या कापडात मला कुठं सापडला नाही. ती पट्टी भाचीनं मागून घेतली, रोपांना मिळणार नाही.

आता अभ्रे उसवायला बसलेय. त्या दीडशेंचं काय करायचं ते कुणी सांगा.