महत्त्वाचं काय, हे पेपर ठरवतो की लोक?

झिरोमाईल: डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरलं की विदर्भाचा अनुशेष पहिल्या पानावर लीड. सूप वाजलं की आत, सिंगल कॉलम. अनुशेष तेवढाच, फक्त मुंबईचे पत्रकार आणि ओबी व्हॅन परत गेलेल्या असतात. मोर्चेवालेही हेच दिवस साधतात, उगाच नाही. १९६८ साली मॅककॉम्ब्स आणि शॉ या माध्यम-अभ्यासकांनी अमेरिकेतल्या चॅपेल हिलमध्ये मत न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले. त्यांचा क्रम बातम्यांतल्या क्रमाशी जवळपास तंतोतंत जुळला. म्हणजे पेपरच ठरवतो.

कापूसकोंडा: जुळला, पण कोणी कोणाला ओढलं? संपादकही वाचकाचा कल बघूनच पान लावतो. आणि २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा पूर महत्त्वाचा आहे हे कळायला पेपर कशाला लागतो राजेहो?

झिरोमाईल: कोणी ओढलं याचंही उत्तर आहे. आयंगार, पीटर्स आणि किंडर यांनी (१९८२) टीव्हीच्या बातमीपत्रांतच फेरफार करून ती आठवडाभर लोकांना दाखवली. ज्यांना संरक्षणातल्या त्रुटींच्या बातम्या जास्त दाखवल्या, त्यांना संरक्षण जास्त महत्त्वाचं वाटू लागलं. इथे संपादकाने कोणाचा कल पाहिला? पूर लोकांना दिसला, मान्य. पण पुराचं कारण म्हणून चर्चा तलावाच्या सांडव्यासमोरच्या पुतळ्याची करायची की नाग नदीच्या अरुंद पात्राची, ते कोणी ठरवलं?

तराजू: दोघंही अर्धे बरोबर. झुकर या अभ्यासकाने १९७८ मध्येच फरक दाखवला: महागाई, बेरोजगारीसारख्या अंगावर येणाऱ्या प्रश्नांत माध्यमांचं फारसं चालत नाही, प्रदूषणासारख्या लांबच्या प्रश्नांत चालतं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख घ्या. तिथल्या गावकऱ्याला ती रोज अंगणात दिसते, शहरातल्या धरमपेठेत मात्र छापून आली तरच.

खरंच मोजायचं तर चार आठवडे पहिल्या पानाचे कॉलम-सेंटीमीटर, म्हणजे बातमीने किती जागा खाल्ली ते, विषयवार मोजा. पेपरावर गुंडाळलेलं जाहिरातींचं जॅकेट धरू नका, आणि मथळा, फोटोही बातमीतच मोजा. मग लोकांना विचारा, “सध्या सर्वांत मोठा प्रश्न कोणता?” पर्याय वाचून दाखवले की खेळ बिघडला, कारण मग लोक तुमचीच यादी परत करतात. महिन्याने हेच सगळं पुन्हा करा. आधीच्या बातम्या नंतरच्या मतांशी जास्त जुळतात, की आधीची मतं नंतरच्या बातम्यांशी, हे पाहा. एका फेरीत दिशा कळत नाही. चॅपेल हिलची खरी कच्ची बाजू तीच.

कापूसकोंडा: मोजाल, पण कोणता पेपर? शहर आवृत्तीचं पहिलं पान काटोल-उमरेडच्या वाचकाला तसंच मिळत नाही, आणि निम्मे लोक व्हॉट्सॲपवर आलेलं एखादं कात्रणच वाचतात. त्याचे सेंटीमीटर कसे मोजणार?

तराजू: मोजू नका, विचारा. प्रश्नावलीत एक ओळ वाढवा: “हे कुठे वाचलं?” कात्रणवाल्यांचा गट वेगळा काढा, नाहीतर त्यांचा क्रम पहिल्या पानाच्या खात्यावर जमा होईल.

झिरोमाईल: पहिली फेरी नोव्हेंबरातच घ्या, अधिवेशनाच्या आधी.