गच्चीवर बियांपासून कांदा: रोपं कोलमडतात

प्रश्न: क्रेटमध्ये उळं (कांद्याचं बी) फेकून पेरलं. उगवण दाट झाली, पण रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडताहेत. बी जुनं असेल का?

उत्तर १: बी जुनं असतं तर उगवलंच नसतं, कांद्याचं बी वर्षभरात कस गमावतं. ही मर आहे, म्हणजे बुरशीने रोपं बुडाशी कुजण्याचा रोग. दाटी आणि सततची ओल, दोन्ही तिच्या पथ्यावर पडतात. ५ सेंमी अंतरावर रेघा ओढून १ सेंमी खोल पेरा, वर चाळलेलं शेणखत. मातीत ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. पाणी सकाळीच, झारीने.

उत्तर २: रब्बीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती या वाणाचं बी टाका. साधारण ५० दिवसांत रोप पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक झालं की १५ × १० सेंमीवर लावा. खोल गाडू नका, गाठ नीट पोसत नाही. फार जून रोप लावलं तर डेंगळे (फुलांचे दांडे) येतात.

उत्तर ३: युरियाचा मोह लागणीनंतर ६० दिवसांनी सोडा, नाहीतर माना (कांद्यावरचा पातीचा बुडखा) जाड राहतात आणि कांदा टिकत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणी. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. पात सुकेपर्यंत सावलीत पसरा, मान ३ सेंमी ठेवून कापा.