मुंबई ते न्यूयॉर्क, आईला एकटीला पाठवतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. ताईची डिलिव्हरी आहे म्हणून आई जूनमध्ये न्यूयॉर्कला जाणारे, वय ६८, पहिलाच परदेश प्रवास आणि तोही एकटीनं. इंदूर ते मुंबई तर तास-सव्वा तासात होतं, तिथून पुढं सलग विमान, अंतर साधारण १२,५०० किमी. ९०० च्या स्पीडने बघितलं तर १४ तास व्हायला हवेत पण तिकिटावर जाताना १६ लिहिलेत, येताना कमी, ते पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे असतं हे कळलं.

आईला घड्याळाचं समजावणं मात्र अवघड जातंय, रात्री १ ला निघून सकाळी साडेसातला पोचणार म्हणजे साडेसहाच तास ना, असं ती म्हणते, उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं हे काही पटत नाही तिला!

खरी काळजी बीपीच्या गोळीची, ती रोज सकाळी ८ ला घेते, डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्या आई-बाबांनी कुठल्या घड्याळाने घेतली? आणि व्हीलचेअर इंदूरपासूनच सांगायची का मुंबईला वेगळी? कुणी नुकतंच पाठवलं असेल तर प्लीज सांगा.